लिव्हर रायफलसाठी घरी काडतुसं भरणं (काउबॉय ॲक्शन नेमबाजी)

वाळवंटी

लिव्हर रायफल म्हणजे खालची लिव्हर ओढून-मिटून पुढचं काडतूस चढवायची रायफल. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू (पावडर) आणि तोंडाशी गोळी. अशा रायफलीसाठी काडतूस भरायला बसलं की पहिला प्रश्न एकच: हे रायफलीच्या पोटातून न अडखळता वर येईल का? नेम, धक्का, वेग हे सगळं त्यानंतर. इथे ॲरिझोनात मैदानावर नवी मंडळी घरी भरलेली चकचकीत काडतुसं घेऊन येतात, रिव्हॉल्व्हरमध्ये ती सुरेख चालतात आणि रायफलीत तिसऱ्या-चौथ्या लिव्हरला सगळं ठप्प होतं. मराठीत यावर सविस्तर लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही, म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात काही नेमबाजांनी एकोणिसाव्या शतकातल्या घाटाच्या बंदुका घेऊन हा खेळ सुरू केला. १९८७ मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी स्थापन झाली, तिला सगळे ‘सॅस’ म्हणतात. प्रत्येक खेळाडूचं टोपणनाव असतं, वेश जुन्या काळचा. एका फेरीत साधारणपणे दोन रिव्हॉल्व्हर, प्रत्येकात पाच काडतुसं, रायफलीत दहा, शिवाय शॉटगन. लक्ष्यं पोलादी आणि जवळची. लागलेला वेळ हाच गुण, चुकलेल्या प्रत्येक गोळीचे पाच सेकंद त्यात वाढतात.

काडतुसांचे नियम असे. गोळी शिशाची हवी. तांब्याचं आवरण चालत नाही, कारण एवढ्या जवळच्या पोलादावरून त्याचे तुकडे उलटून अंगावर येतात. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १,००० फुटांच्या आत, रायफलीच्या गोळीचा १,४०० फुटांच्या आत. खालचीही मर्यादा आहे: वेग किमान ४०० फूट, आणि गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेग भागिले हजार, हा आकडा किमान ६०. १०५ ग्रेनची गोळी ६०० फुटांनी गेली तर ६३, म्हणजे जेमतेम आत. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. सोनाराची गुंज जवळजवळ दोन ग्रेनची.)

आता रायफल. या खेळात सगळ्यात जास्त दिसते ती १८७३ ची विंचेस्टर, म्हणजे तिची इटलीत किंवा जपानात बनलेली आजची प्रतिकृती. तिच्यात बॅरलखाली मॅगझिनची लांब नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक, आडवी. नळीच्या मागच्या तोंडाशी एक चौकोनी ठोकळा असतो, त्याला कॅरियर म्हणतात. स्प्रिंग एक काडतूस त्या ठोकळ्यात ढकलते. लिव्हर खाली ओढली की बोल्ट (बॅरलचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा चढतो आणि शेवटी ठोकळा लिफ्टसारखा सरळ वर येतो. लिव्हर परत मिटली की बोल्ट ते काडतूस चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेत) ढकलतो आणि ठोकळा खाली जातो.

या रचनेची मेख अशी की ठोकळ्यातलं काडतूस हेच पुढच्या काडतुसाला अडवणारं फाटक आहे. काडतूस लांब झालं तर त्याचं नाक नळीतच राहतं आणि ठोकळा वर उचलला जात नाही. आखूड झालं तर नळीतून येणाऱ्या पुढच्या काडतुसाची कडा ठोकळ्यात शिरते आणि तोही अडकतो. थोडं आखूड ठोकळा चालवून घेतो, कारण त्याची कड पुढच्या काडतुसाला जरा नळीत परत सारते. फार आखूड चालत नाही. म्हणूनच ३५७ मॅग्नम या काडतुसासाठी बनलेल्या रायफलीत ३८ स्पेशल हे जरा आखूड काडतूस वापरणाऱ्यांनी एकूण लांबीवर बारीक लक्ष ठेवावं. ३५७ ची कमाल लांबी १.५९० इंच, ३८ ची १.५५०. तेवढ्याने काही बिघडत नाही, पण आखूड बुटक्या हलक्या गोळ्या भरल्या की लांबी आणखी घटते आणि रायफल कुरकुरायला लागते.

गोळीचं नाक चपटंच हवं. नळीत प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेलं असतं, पुढून स्प्रिंगचा दाब आणि प्रत्येक बाराला धक्का. टोकदार गोळी तिथे फायरिंग पिनचं (प्रायमरवर आपटणाऱ्या सुईचं) काम करू शकते. प्रायमरही पुंगळीच्या बुडाशी समतल किंवा किंचित आत बसलेला हवा. माझी सवय अशी आहे की भरलेलं प्रत्येक काडतूस प्रायमर वर करून डब्यात ठेवायचं आणि त्यावरून बोट फिरवायचं. उंचवटा बोटाला लगेच कळतो, डोळ्याला कळेलच असं नाही.

इथे मी दारूचं एकही माप लिहिणार नाही, प्रतिसादांतही कोणी लिहू नये ही विनंती. माप घ्यायचं ते छापील पुस्तकातून किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातून, आणि त्यातही आपल्या बंदुकीसाठी असलेल्या तक्त्यातून. ४५ कोल्ट या काडतुसाचे काही पुस्तकांत दोन वेगळे तक्ते असतात. दुसऱ्या तक्त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की तो फक्त रूगरसारख्या भक्कम बंदुकांसाठी आहे. ४५ कोल्टचा प्रमाणित कमाल दाब १४,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे आणि तो तक्ता त्याच्या कितीतरी पुढे जातो. १८७३ चा बोल्ट दोन दुमडत्या सांध्यांच्या आधारावर उभा असतो, तो तसल्या काडतुसांसाठी नाही. १८९२ च्या रायफलीत तिचा रचनाकार ब्राउनिंग याने दोन उभ्या कड्या देऊन बोल्ट पक्का केला, तरी खेळासाठी तेवढ्या दाबाची गरजच नाही.

---

कृष्णाकाठ

दादा, सांगलीत बसून हे वाचताना वेगळ्याच जगात गेल्यासारखं वाटलं. दोन शंका. एक, दुकानात तयार काडतुसं मिळत असताना घरी भरायचा खटाटोप कशाला? दोन, भारतात हे करता येतं का?

---

वाळवंटी

कृष्णाकाठ, दुसऱ्याचं आधी सांगतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी काडतुसं भरता येत नाहीत. आपल्याकडे हे काम कारखान्यांचं, पुण्याजवळच्या खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासून ते करते आहे. अमेरिकेत स्वतःपुरती भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. मित्राला पैसे घेऊन डबा देणं हा इथेही गुन्हा ठरू शकतो.

आता पहिलं. पैसे वाचतात हे खरं, कारण पितळेची पुंगळी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि काडतुसातला सगळ्यात महाग भाग तीच. पण खरं कारण वेगळं आहे. ४४-४० किंवा ३८-४० सारखी जुन्या मापाची काडतुसं दुकानात क्वचित दिसतात आणि दिसली तर किंमत ऐकून माणूस परत फिरतो. शिवाय आपल्या रायफलीला कोणती लांबी आणि कोणती गोळी आवडते, हे दुकानाला कसं कळणार?

---

गडवाट

उत्तम धागा. इतिहासाचा एक धागा मी जोडतो.

घरी काडतूस भरणं हे या रायफलींच्या जन्मापासूनचं आहे. हेन्रीच्या १८६० च्या रायफलीचं काडतूस रिमफायर होतं, म्हणजे स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला. ते एकदा उडालं की पुंगळी कचऱ्यात. १८६६ ची पिवळ्या धातूची विंचेस्टरही त्याच काडतुसावर चालायची. १८७३ मध्ये विंचेस्टरने ४४-४० आणलं: ४० ग्रेन काळी दारू, २०० ग्रेनची गोळी आणि मधोमध बसणारा, बदलता येणारा प्रायमर. दुकानापासून दूर राहणाऱ्या माणसाला आता प्रायमर, दारू आणि शिसं जवळ असलं की पुरत होतं. विंचेस्टरने स्वतःच पक्कडीसारखी भरण्याची हत्यारं विकायला काढली आणि १८८४ मध्ये जॉन बार्लोने कनेटिकटात आयडियल कंपनी काढून तेच हत्यार घरोघरी नेलं. लायमन कंपनीचं ३१० हे हत्यार त्याच घराण्यातलं.

१८७८ पासून कोल्टने आपलं रिव्हॉल्व्हरही ४४-४० मध्ये दिलं. रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींना एकच काडतूस, कमरेला एकच पट्टा. ४५ कोल्ट मात्र त्या काळी कधीच विंचेस्टरच्या लिव्हर रायफलीत नव्हतं. त्याच्या पुंगळीची कडा इतकी बारीक होती की एक्स्ट्रॅक्टरला (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला) पकडायला काही मिळत नसे. रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळी दांडीने ढकलून काढतात, तिथे कडेची गरज कमी. आजच्या ४५ कोल्टच्या रायफली ही अलीकडची सोय आहे.

---

निळाई

गडवाट यांचा ४५ कोल्टचा मुद्दा पुढे नेते. मी टेक्सासात काळ्या दारूच्या गटात खेळते, रायफल १८७३ ची, ४४-४०.

४५ कोल्टच्या रायफली वापरणारे मित्रमैत्रिणी नेहमी तक्रार करतात की फेरी संपेपर्यंत तोंडावर काजळी येते, ठोकळा काळा होऊन जड चालतो. कारण पुंगळीत आहे. बार झाला की पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटायला हवी, तरच वायू मागे येत नाही. ४५ कोल्टच्या पुंगळीची भिंत सरळ आणि जाड. खेळासाठी भरलेल्या हलक्या काडतुसात दाब एवढा कमी की ती भिंत फुगतच नाही. ४४-४० ची मान पातळ, किंचित निमुळती. कमी दाबालाही ती लगेच फुगते आणि सगळी घाण बॅरलमध्येच राहते. काळ्या दारूची धूळ केवढी असते हे ज्याने पाहिलंय त्याला याची किंमत कळेल. मी फेरीनंतर ठोकळा उघडते तेव्हा तो जवळजवळ स्वच्छ असतो.

४५ कोल्टवाल्यांसाठी उपाय आहेत. जड गोळी घेतली की दाब थोडा चढतो. पुंगळ्यांची तोंडं तापवून मऊ करणारेही आहेत, पण ते शिकून करावं, बूड तापलं तर पुंगळी निकामी आणि धोकादायक.

पण ४४-४० भरणं हे नाजूक काम आहे, हेही सांगायला हवं. सरळ पुंगळ्यांना कार्बाइड डाय (पुंगळीला आकार देणारा कठीण धातूचा साचा) असली की तेल लागत नाही. निमुळत्या पुंगळ्यांना लावावंच लागतं, नाहीतर ती डायमध्ये अडकते. आणि मान इतकी पातळ की गोळी बसवताना आणि तोंड आवळताना जरा जोर जास्त झाला की खाली वळी पडते. मग ते काडतूस चेंबरमध्ये जात नाही. मी गोळी बसवणं आणि क्रिंप करणं (पुंगळीचं तोंड आवळणं) ही दोन वेगवेगळ्या डायमध्ये करते. पुंगळ्या एका लांबीच्या छाटून घेते, कारण लांबी कमीजास्त असली तर क्रिंपही कमीजास्त होते.

---

वाळवंटी

निळाईताई, फार मोलाचं लिहिलंत. क्रिंपबद्दल मी मूळ लेखात लिहायला हवं तेवढं इथे लिहितो, कारण लिव्हर रायफलीत तिचं काम रिव्हॉल्व्हरच्या उलट आहे.

रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने गोळी पुंगळीतून पुढे निसटू पाहते. रायफलीच्या नळीत ती मागे, पुंगळीच्या आत ढकलली जाते: स्प्रिंगचा दाब, वर प्रत्येक बाराचा धक्का. गोळी आत गेली की काडतूस आखूड होतं, म्हणजे ठोकळ्याचं दुखणं आलंच. त्याहून गंभीर म्हणजे स्मोकलेस (बिनधुराच्या, आजच्या) पावडरच्या काडतुसात आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत नीट वळवून बसवायचं. अंगठ्याने गोळी टेबलाच्या कडेवर दाबून बघायची, हलली तर ते काडतूस रायफलीत घालायचं नाही.

जुन्या काळी हा प्रश्न कमी होता. पुंगळी काळ्या दारूने गच्च भरलेली असायची आणि गोळी त्या दारूवरच टेकायची. म्हणून ४४-४० च्या मूळ गोळ्यांना क्रिंपची खाचच नव्हती. स्मोकलेस आली, पुंगळी अर्धी रिकामी राहायला लागली आणि गोळीखालचा आधार गेला. मग कारखान्यांनी पुंगळीवरच गोल खाच पाडायला सुरुवात केली. आजचा हाताने काडतूस भरणारा माणूस त्याच रिकाम्या जागेशी झगडतो आहे.

---

बारामाही

ओहायोत असतो, आत्ताच मैदानावर जाऊन बघायला लागलोय. प्रश्न प्राथमिक आहेत, समजून घ्या. अर्धी रिकामी पुंगळी म्हणजे दारू इकडेतिकडे हलणार. त्याने फरक पडतो का? आणि मी एच-१बी वर आहे, मला हे सगळं करता येईल का?

---

वाळवंटी

बारामाही, व्हिसाचं फार महत्त्वाचं विचारलंस, बरं झालं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा दारूगोळा बाळगायला मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यात चालू शिकार परवाना हा एक. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही. पण हे मंचावर वाचून ठरवू नकोस. मैदानावर दुसऱ्याची रायफल हातात घेण्याआधी किंवा पुंगळ्यांचा डबा घरी आणण्याआधी वकिलाला विचार. इथे चूक झाली तर नोकरी, घर, इथलं सगळं आयुष्य पणाला लागतं. तोवर मैदानावर येऊन बघायला, गुण लिहायला कोणीच ना म्हणत नाही.

आता रिकामी जागा. हो, फरक पडतो. बॅरल खाली झुकली असताना पावडर गोळीकडे जाते, वर असताना प्रायमरकडे येते. दोन्हीत वेग वेगळा येऊ शकतो. वेग मोजायचं यंत्र लावून तपासायचं: एकदा रायफल आधी वर करून मग नेम धरायचा, एकदा खाली करून. दोन आकड्यांत फार अंतर असेल तर त्या पुंगळीला ती पावडर बरी नाही. म्हणूनच ट्रेल बॉस नावाची पावडर या खेळात एवढी आवडती झाली. तिचे दाणे भोक असलेल्या चकत्यांसारखे, वजनाला हलके, जागा भरपूर व्यापणारे. गेली काही वर्षं ती मिळेनाशी झाली आहे आणि लोक पुन्हा जुन्या पावडरींकडे वळलेत.

यातूनच सर्वात मोठा धोका येतो. या खेळातल्या बऱ्याच पावडरी झपाट्याने जळणाऱ्या, माप अगदी थोडं आणि पुंगळी मोठी. त्यामुळे चुकून दोनदा, कधी तिनदाही पावडर पडली तरी पुंगळी ओसंडत नाही, वरून काही कळत नाही. अशा काडतुसाने बंदूक फुटते, बोटं जातात, डोळे जातात. पुंगळ्या टेबलावरच्या भोकं असलेल्या पाटात रांगेने उभ्या करा, दिव्याखाली प्रत्येकीत डोकावून पाहा, मगच गोळी बसवा. प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) आपोआप फिरणारी असेल तर पावडरची उंची तपासणारी डाय बसवा. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. टेबलावर एका वेळी एकच पावडर, आणि उरलेली लगेच तिच्याच मूळ डब्यात.

---

निळाई

याची दुसरी बाजूही तितकीच वाईट. पावडर पडलीच नाही किंवा फार कमी पडली तर गोळी बॅरलमध्येच अडकते, इथे त्याला स्क्विब म्हणतात. ‘ठो’ ऐवजी ‘फुस्स’ आवाज येतो. वेगात खेळणारा माणूस तोवर पुढची लिव्हर मारून मोकळा झालेला असतो. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गेली की बॅरल फुगते.

धक्का कमी व्हावा म्हणून सगळे काडतूस हलकं हलकं करत जातात. इथे रायफलीचा वेगळा विचार करा. रिव्हॉल्व्हरची बॅरल पावणेपाच इंचांची, रायफलीची २० किंवा २४. जे काडतूस रिव्हॉल्व्हरमधून कसंबसं गोळी बाहेर काढतं, ते रायफलीच्या लांब बॅरलमध्ये घर्षणाने गोळी मध्येच सोडू शकतं. दोन्हींत एकच काडतूस वापरायचं तर खालची मर्यादा रायफलीने ठरवायची.

काळ्या दारूचं थोडं. सोरा, गंधक, कोळसा हे मिश्रण. तिच्यात उलट नियम: गोळी आणि दारू यांच्यात हवा ठेवायचीच नाही, दारू किंचित दाबून भरायची. गोळीला लावायचं मेणही मऊ हवं. मी मधमाश्यांचं मेण आणि चरबी वापरते. कारखान्यातल्या कडक निळ्या-लाल मेणाने काळ्या दारूची राख बॅरलमध्ये दगडासारखी बसते, फेरीच्या शेवटी गोळ्या भरकटतात. घरी आलं की गरम पाण्याने बॅरल धुवायची, पुंगळ्या त्याच दिवशी पाण्यात टाकायच्या. उद्यावर ठेवल्या की पितळ हिरवं पडतं.

---

कृष्णाकाठ

ताई, शिसं हाताळण्याचा त्रास होत नाही का? आमच्याकडे बॅटरीच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांचे हाल पाहिलेत.

---

निळाई

होतो, म्हणून काळजी घेतेच. पुंगळ्या घासायच्या यंत्रातली कोरडी धूळ सगळ्यात वाईट, कारण प्रायमरच्या राखेतही शिसं असतं आणि ती श्वासातून जाते. मी आता पाण्यात पुंगळ्या धुते, पाणी उडवून ओतत नाही, हातमोजे घालते. भरायच्या टेबलावर खाणं-पिणं बंद. मैदानावरून आल्यावर आधी साबणाने हात आणि चेहरा, मग मुलांना जवळ घ्यायचं. कपडे वेगळे धुवायचे. डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं दर वर्षी तपासते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

बारामाही

मनापासून आभार. वकिलाची वेळ घेतली आहे. शेवटचं विचारतो: सगळं मार्गी लागलं तर पहिली खरेदी कोणती? स्वयंचलित प्रेस घेऊ का? तासाला शेकडो काडतुसं होतात म्हणे.

---

वाळवंटी

पहिली खरेदी पुस्तक, दुसरी चांगला वजनकाटा, तिसरी व्हर्नियर कॅलिपर. प्रेस एका वेळी एकच काम करणारी घे. तिच्यावर काम सावकाश होतं आणि प्रत्येक टप्पा डोळ्यांसमोर घडतो, शिकायला तेच हवं. वेगवान प्रेस नंतर घेता येते.

आणि पावडरचा डबा उघडण्याआधी कोरडी काडतुसं बनव: पुंगळी आणि गोळी, आत पावडर नाही, प्रायमर नाही. पुंगळीच्या अंगाला आडवं भोक पाड, म्हणजे ती खऱ्यांत मिसळली तरी लगेच ओळखू येतील. मैदानावर, बॅरल मातीच्या बांधाकडे ठेवून, दहाच्या दहा रायफलीत घालून लिव्हर आधी हळू, मग जोरात चालव. प्रत्येक काडतूस बाहेर आल्यावर त्याची लांबी पुन्हा मोज. घातलं होतं त्याहून आखूड निघालं तर क्रिंप कमी पडते आहे. ठोकळा अडला तर लांबी इंचाच्या काही हजाराव्या भागांनी बदलून पुन्हा बघ. तुझ्या रायफलीची लांबी सापडली की ती कागदावर लिहून प्रेसला चिकटव, आणि तेवढ्या लांबीचं एक कोरडं काडतूस डायच्या डब्यात कायमचं ठेव. पुढच्या वेळी डाय त्याच्यावरूनच लावता येते.